नावाआधीचं अक्षर

“असल्या कोटावर आपली बोहारीण चमचासुद्धा देणार नाही,” लताबाई लेकीच्या कानाशी पुटपुटल्या.

लंडनच्या रविवारच्या जुन्या बाजारात रंगनाथराव एक काळा कोट स्वतःला लावून बघत होते. दोघं नाशिकहून विमलकडे येऊन पंधरवडा झाला होता. कोट त्यांना चार बोटं मोठाच होता.

“मला नाही गं,” ते म्हणाले. “यादवला बसेल.”

विमल शेजारच्या चिनी मातीच्या कुत्र्यांकडे बघू लागली. सत्त्याहत्तर साली तिच्या भावाची बोट बुडाली, त्याला सात वर्षं झाली होती. वाचलेल्यांच्या यादीत यादव नव्हता, आणि दुसऱ्या यादीवर रंगनाथरावांचा विश्वास नव्हता. विमलच्या लग्नपत्रिकेतसुद्धा त्यांनी ‘चि. यादव’ छापून घेतलं होतं. दर दिवाळीला यादवचं ताट वाढून लताबाई त्यावर मुकाट्याने झाकण ठेवत.

पुढच्या टेबलावर कुणीतरी पितळी फुलपात्रात पेन्सिली उभ्या केल्या होत्या. लताबाई थबकल्या. पेन्सिली काढून त्यांनी ते हातात घेतलं. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं, मराठीत.

“बघू,” म्हणत रंगनाथराव वाकले. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बारा वर्षं मीटर वाचलेले डोळे त्यांनी बारीक केले. “चि. सावळीराम... सिन्नर. अगं, आपल्या सिन्नरचं. कुणा पोराच्या बारशाचं दिसतंय. कुठल्या कुठे आलंय बघ.”

“हो ना दादा,” विमल घाईने वडिलांना म्हणाली.

खालची ओळ मळाने बुजली होती. लताबाईंनी पदराचं टोक जिभेला लावलं आणि घासायला घेतलं.

“आई, राहू दे ना.”

लताबाई घासत राहिल्या. आधी खालची ओळ उजळली: स्मरणार्थ. मग नावाआधीचा ‘क’ आणि त्यावरच्या दोन मात्रा वर आल्या.

“चि. नाही हो, कै. आहे,” त्या म्हणाल्या. “तेराव्याला वाटलेलं आहे हे.”

रंगनाथरावांनी फुलपात्रासाठी हात पुढे केला. लताबाईंनी ते दिलं नाही. रंगनाथरावांच्या हातावरच्या कोटाची रिकामी बाही वाऱ्याने हलत होती. लताबाईंनी ती धरली.

“यादवच्या नावाची अशी वाटायची राहिलीत आपली,” त्या म्हणाल्या. “कै. घालून.”