बडगीतलं सफरचंद

सफरचंदं शिजली खरी, पण एकजीव व्हायला तयार होईनात. कोकिळा चमच्यानं दाबायची आणि तुकडा पातेल्याच्या कडेला पळायचा. गृहशास्त्राच्या बाईंनी फळ्यावर लिहून दिलेलं सगळं तिनं केलं होतं. साल काढली, बिया काढल्या, वाटीभर पाण्यात झाकण ठेवून स्टोवर शिजवली. पुढे 'घोटून घ्यावे' असं होतं. कशानं घोटावं, ते मात्र बाईंनी लिहिलं नव्हतं.

"कोकिळा, हाई काय रांधी राहिनी वं?" शेजारच्या बेबाबाईंनी दारातूनच विचारलं.

"सफरचंदाचा गर, मावशी. आजाऱ्याला पचतो."

"सफरचंद कापीसन खातस माय! चुल्हावर कोण ठेवस?"

"आमच्या बाई ठेवतात," कोकिळा हनुवटी वर करून म्हणाली.

ठसक्यात बोलली, पण डोळे आतल्या खोलीकडेच होते. तिथे तिची आई, रुक्माबाई, भिंतीकडे तोंड करून पडली होती. टायफॉईडचा ताप उतरून पाच दिवस झाले होते, पण पोटात काही टिकेना. पेज उलटली, ताक उलटलं, मुगाचं पाणीसुद्धा उलटलं. सकाळी डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "आज दिवस मावळायच्या आत काही टिकलं नाही, तर सिव्हिलला भरती करा." तिचे वडील, नाना, रिक्षा बघायला गेलेसुद्धा. आईच्या दोन साड्या पिशवीत भरून ठेवल्या होत्या. ती पिशवी कोकिळानं दोनदा दाराआड ढकलली होती.

घोटायचं कशानं? तिची नजर फडताळाखाली गेली. तिथे बडगी होती, वांग्याचं भरीत ठेचायचं ते लाकडी भांडं आणि त्याचा जाडजूड दांडा. हिच्यापुढे भल्याभल्या वांग्यांचं काही चालत नाही, तिथे सफरचंदाची काय कथा! कोकिळानं बडगी दोनदा धुतली, सगळं पातेलं तिच्यात ओतलं आणि दे दणादण. दोन मिनिटांत गर असा मऊ झाला की बाईंनी बघितला असता तर वर्गात सगळ्यांना दाखवला असता.

गर वाटीत काढून ती आईजवळ गेली. "उठ ना गं आई. एकच चमचा."

"माले नको." आईचा आवाज पार खोल गेलेला. "तोंडमा चवच नही शे."

"माझ्यासाठी. एकच."

आईनं तोंड उघडलं. चमचा आत गेला. क्षणभर काहीच झालं नाही. मग आईच्या कपाळाला आठ्या पडल्या, डोळे मिटले आणि तिला जो ठसका लागला, तो थांबेचना. बेबाबाई घमेलं घेऊन धावल्या. कोकिळानं भीतभीत वाटीला नाक लावलं. लसूण! हिरवी मिरची! वर्षानुवर्षं भरीत ठेचून ठेचून लाकडात मुरलेला तिखटपणा दोन धुण्यांनी थोडाच जाणार होता? आणि डॉक्टरांनी तर मिरचीचं नावसुद्धा काढू नका म्हणून बजावलेलं.

"काय घालं वं तू?" बेबाबाई ओरडल्या. "मिरचीना वास ई राहिना!"

कोकिळानं वाटी मागे घेतली.

मागे घेतलेली वाटी आईच्या हातानं धरली. आई कोपरावर रेटून उठून बसली होती. नाकातून पाणी येत होतं, पण जीभ ओठांवरून फिरत होती, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"हाई बडगीमा ठेचं का वं तू?"

कोकिळानं मान डोलावली.

"आखो दे."

"आई, अगं, पण मिरची..."

"दे म्हंते ना!"

दुसरा चमचा गेला. तिसरा गेला. सातव्या चमच्याला आईनं वाटीच ओढून घेतली आणि बोटानं पुसून घेतली. बेबाबाई घमेलं मांडीवर घेऊन बसल्या, कोकिळा आईच्या गळ्याकडे बघत. पाच मिनिटं झाली. दहा झाली. भिंतीवरचं ऊन खाली खाली सरकत गेलं. पंधरा झाली. आईचं पोट एकदम हललं. बेबाबाईंनी घमेलं पुढे केलं.

आईनं ढेकर दिली. चांगली लांब, भरल्या पोटाची.

बेबाबाईंनी घमेलं खाली ठेवलं आणि पदरानं तोंड झाकून हसू लागल्या. कोकिळाला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून तिनं दोन्ही एकदमच केलं.

"दखी काय राहिनी?" आई म्हणाली. आवाज एवढा मोठा की शेजारी ऐकू जावा. "तो स्टो कव्हयना सुं सुं करी राहिना! घासलेट तुना काका धाडस का? अन् केस बांध आधी, भवानी!"

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. कोकिळा मोकळ्या केसांनीच धावत सुटली. तिचा ओला चेहरा बघून नाना रिक्षातून उतरता उतरता तसेच थबकले.

"काय झालं? कोकिळा? बोल ना, आईला काय झालं?"

"नाना, आई रागावली!" कोकिळा धापा टाकत म्हणाली. "जोरात रागावली! मला भवानी म्हणाली!"

नानांनी आतून येणारा आवाज ऐकला. घासलेटावरून गाडी आता नानांच्या नावावर आली होती.

"चला ना लवकर," रिक्षावाला म्हणाला. "पेशंट कुठे आहे?"

नाना पायरीवर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले.