पाण्याखालची पऱ्हाटी

मालवणच्या समुद्रात, छोट्या होडीच्या तळाखालून कापसाची वाळकी पऱ्हाटी जळल्याचा आवाज येत होता.

बोंडअळीच्या त्या वर्षी दारव्ह्याजवळचा उभा कापूस स्वतः पेटवून आलेल्या वामनरावांनी फळीला कान लावला. "कपिल, खाली कोनं पेटवली रे?"

"बाबा, खाली प्रवाळाचा खडक हाय. त्यातल्या बारीक कोळंब्या नांग्या आपटून राह्यल्या," विज्ञान शिकवणारा त्यांचा मुलगा म्हणाला. त्याच्या दृष्टीने विषय संपला.

तेवढ्यात त्याच्या मुलीच्या, सलोनीच्या, गळाला तांबूस मासा लागला.

"आबाजी, ओढा ना, गेला तो!"

"ओढून राह्यलो न पोरी! तू नीट धर!"

आजोबा आणि नातीच्या जल्लोषात तासभर गेला. टोपलीत सहा मासे झाले.

मग सलोनी एकाएकी म्हणाली, "बाबा, आवाज काहून थांबला?"

कपिलने कान लावला. खाली खडक असताना आवाज थांबणे शक्य नव्हते. त्याने वजन बांधलेली दोरी सोडली. साठ हात दोरी संपली, तळ लागला नाही. किनाऱ्याची बारीक रेघ उरली होती.

नांगराचा दोर वामनरावांनी होडीला बांधला होता. गोठ्यात बैलाचे दावे बांधतात तसा, मोकळे टोक ओढताच सुटणाऱ्या गाठीने. पहिला मासा ओढताना तोल सावरण्यासाठी सलोनीने तेच टोक धरले होते.