खिडकीतला कप

सरकारी कचेरीत सगळ्यांचे कप कपाटात, सुविधाचा तेवढा खिडकीत, जातीमुळं वेगळा ठेवलेला. तिची तक्रार पुरावा नाही म्हणून फेटाळली गेली, तसं तिनं अपील केलं. सुनावणीला निपाणीहून बेळगावला जाताना बसमध्ये तिचा डोळा लागला. स्वप्नात ती तंबाखूच्या पिकातून चालत होती आणि पानांआडून कुणीतरी हळूच तिचं नाव घेत होतं. सुनावणीच्या खोलीतही ती गुंगी उतरली नव्हती. एवढ्यात कचेरीतले निवृत्त शिपाई कल्लाप्पा आत आले. “साहेब, सुविधाक्कांचा कप मीच वेगळा ठेवत हुतो. हेडक्लार्कनी सांगितलतं.” “मग चौकशीत का बोलला नाहीत?” “भ्यालतो. लई भ्यालतो.” साहेबांनी फेरचौकशीचा आदेश दिला. परतीच्या बसमध्ये कल्लाप्पा मान खाली घालून मागच्या बाकाकडं निघाले. सुविधाला त्यांचा रागही येत होता, रडूही. ती जरा आत सरकली. “आप्पा, इथं बसा.”