शिसवी झाकण

“चढ बंद!” खुर्चीचा पाय सांध्यात दाबून धरत कप्तान म्हणाले. “पोराच्या वयाचा डॉक्टर, आणि मला सांगतो चढ बंद!”

“हलू नका. सरस ओला आहे अजून,” बायको म्हणाली आणि तिने शिकंजा आवळला.

“सायकल सपाटीला चालवा म्हणे. हार्टवर ताण नको म्हणे. अगं, सपाटीला कुणीही चालवतं!”

डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन आणखी स्पष्ट सांगितलं होतं. ऐकलं नाही तर एखाद्या दिवशी चढावरच कोसळतील. तेव्हापासून जिना चढताना कप्तान जरा थांबले तरी ती हातातलं काम टाकून जिन्याशी यायची.

कप्तान हे नाव सायकल गटातल्या मंडळींनी दिलेलं. नवरा-बायकोची जोडसायकल होती, लांबलचक, दोन सीटांची. पुढे कप्तान, मागे ती. पुढच्या पायडलांपासून डाव्या अंगाने एक चेन मागच्या पायडलांपर्यंत जायची आणि तिथून दुसरी चेन मागच्या चाकाला. दर रविवारी पाण्याच्या टाकीपर्यंतचा चढ दोघं न उतरता चढून जात. वर पोचलं की कप्तान सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, “काय बाईसाहेब, पाय मारत होतात की नुसती हवा खात होतात?”

बाकीचे दिवस घरामागच्या शेडमध्ये जायचे. लोकांचं जुनं, मोडकं फर्निचर दोघं मिळून पुन्हा उभं करत. पॉलिश कप्तानांकडे, कारण ते दिसतं. सांधे तिच्याकडे.

डॉक्टरांचा विषय कप्तानांनी त्या दिवशी तिथेच संपवला. “चढ सोडायचा असेल तर सायकल विकून टाक, मला त्या आरामखुर्चीत बसव आणि माझ्यासकट पॉलिश मार.”

त्यावर आठवडाभर अबोला झाला आणि सायकल शेडमध्येच उभी राहिली. मग एका सकाळी चहा पुढे ठेवत तीच म्हणाली, “बरं, नका सोडू चढ. तुम्ही काही ऐकणार नाही. पण सायकल जरा नीटनेटकी करून देते. तुमची पॅन्ट सारखी त्या डाव्या चेनमध्ये अडकते.”

“आता कशी शहाण्यासारखी बोललीस!”

एका मोडक्या कपाटाच्या दाराचं शिसवी लाकूड पडून होतं. तिने ते पातळ रंधलं आणि पुढच्या पायडलापासून मागच्यापर्यंत पोचेल असं लांब झाकण बनवलं. कप्तानांनी दोन दिवस खपून ते पॉलिश केलं. त्यात तोंड दिसत होतं. सायकलवर मात्र ते तिने एकटीने बसवलं. स्क्रू पिळताना कप्तान हमखास कड उडवतात, हे तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

त्या रविवारी टाकीपाशी पोचले तेव्हा कप्तान शीळ घालत होते. ती घामाने निथळत होती. तिने पाण्याची बाटली एका दमात रिकामी केली.

“आठवडाभराची विश्रांती मला मानवली बघ,” कप्तान म्हणाले. “तुझी मात्र पार हवा गेलेली दिसते.”

“वय झालं माझं.”

गटातला एक जण खाली वाकून झाकण न्याहाळत होता. “काय काम आहे! वहिनी, एकदा खोलून दाखवा ना.”

“नको हो भाऊजी, शिसव फार ठिसूळ. तडा जाईल,” ती म्हणाली आणि झाकणाच्या आड येऊन उभी राहिली.

पुढचे रविवार असेच गेले. ती सकाळी दोन अंडी जास्त खाऊ लागली. गच्चीवर कपडे वाळत घालायच्या निमित्ताने जिन्याच्या खेपा वाढल्या.

“पोटऱ्या बघ, पैलवानासारख्या झाल्यात,” कप्तान चिडवायचे. “आणि ओढायचं कुणी? मीच!”

एकदा मात्र चढावर ते मनापासून म्हणाले, “खरं सांगू का? इतक्या वर्षांत आत्ता कुठे तुला माझ्या तालावर पाय मारता यायला लागले. पूर्वी मागून सारखे हिसके बसायचे. आता तू आहेस हे जाणवतसुद्धा नाही.”

“उशिरा का होईना, शिकले,” ती धापा टाकत म्हणाली.

शेडमध्येही त्यांची एक तक्रार होती. “खुर्च्यांच्या पायांखाली लावायचा तो जाड लोकरी नमदा पुन्हा संपला? परवाच तर आणला होता!”

“झिजतो. आणू आणखी.”

फेरतपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, मग कप्तानांकडे पाहिलं आणि ते हसले. “वा! चढ अगदी बंद केलेला दिसतो. असंच ऐकत जा, काळजीचं कारण नाही.”

कप्तानांनी गरीब गाईसारखी मान हलवली आणि टेबलाखालून बायकोला पायाने डिवचलं. बाहेर आल्यावर त्यांना हसू आवरेना.

“कसा गंडवला! दर रविवारी चढतोय आणि म्हणे बंद! या लोकांना काही म्हणजे काही कळत नाही बघ.”

“खरंच नाही कळत,” ती म्हणाली. तिला इतकं हायसं वाटलं होतं की डोळे भरून आले. कप्तानांना वाटलं, हसूनच आले.

घरी येऊन कप्तान आरामखुर्चीत लवंडले आणि पेपर तोंडावर ठेवून घोरू लागले. ती मागे शेडमध्ये गेली. सायकल भिंतीला टेकवून तिने एकेक स्क्रू काढला आणि शिसवी झाकण अलगद बाजूला ठेवलं. आत चेन नव्हती. ती तेलकट फडक्यात गुंडाळून कधीची सरसाच्या डब्यामागे पडली होती. पुढच्या पायडलांच्या दातेरी चकतीवर लाकडाचा एक ठोकळा दाबून बसवलेला होता आणि त्यावर चिकटवलेला नमदा झिजून कागदासारखा झाला होता. तिने तो खरवडून काढला, नवा तुकडा चिकटवला आणि ठोकळ्याचा स्क्रू या वेळी जरा जास्तच आवळला. कप्तानांना हल्ली चढ फारच सोपा जायला लागला होता.