निळी रेघ

तिथे भेग नव्हतीच. सकाळी त्याने मुद्दामच फोटोतल्या सपाट बर्फावर एक रेघ ओढली होती, बोटभर लांब, लाल. दुपारी ऑफिसातल्या नव्या मुलीकडून फोटो परत आला तेव्हा त्या लाल रेघेला चिकटून निळी रेघ होती.

दूरच्या एका ग्रहाचा तो बर्फाळ चंद्र. वर बर्फाचं कवच, खाली समुद्र. कवचाला भेगा पडल्यात आणि त्यांतून पाण्याचे फवारे कित्येक किलोमीटर उंच उडतात. पुढचं यान त्या फवाऱ्यांतून एकदाच जाणार, आणि कुठून जायचं ते या खोलीतल्या नकाशावरून ठरणार. म्हणून प्रत्येक फोटो दोघांनी तपासायचा, एकमेकांचं न बघता. त्याच्या रेघा लाल, दुसऱ्याच्या निळ्या. जुळल्या तर ठीक, नाहीतर समोरासमोर बसून भांडायचं. सतरा वर्षं निळ्या रेघा त्याच्या बायकोच्या होत्या. ऑफिसातले त्या खोलीला कोर्ट म्हणायचे. बायको वारली आणि तिच्या खुर्चीवर नवी आली. पाच महिने झाले तरी सगळे तिला नवीच म्हणत. या पाच महिन्यांत कोर्टात एकही खटला उभा राहिला नव्हता.

त्याने तिला बोलावून विचारलं, ही भेग तुला कशी काय दिसली? ती म्हणाली, तुम्हाला दिसली म्हणजे असणारच.

"मी खोटी ओढलीय ती."

नवीने सांगून टाकलं. सगळ्यांनी पहिल्याच दिवशी तिला बजावलं होतं, सरांवर आधीच आभाळ कोसळलंय, त्यांना उलट बोलू नकोस. म्हणून ती आधी त्याच्या लाल रेघा उघडून बघायची आणि मग आपल्या ओढायची.

तो चिडला नाही. चिडायला अंगात जोर लागतो.

"तुमच्या दयेपायी ते यान कोरडंच जाईल," तो म्हणाला.

तिने ती रेघ पुसली आणि पुढे काय करू म्हणून विचारलं. त्याने तिला खुर्ची जवळ ओढायला सांगितली. आधी जुने फोटो बघू, त्यांच्यावर भांडायला शीक, मग आपले पाच महिन्यांचे काढू. आणि माझ्या तोंडाकडे बघून बोलायचं नाही, पडद्याकडे बघून बोलायचं.

दोन फोटो मुकाट्याने गेले. तिसऱ्यावर नवी थांबली.

"ही निळी मला पटत नाही, सर."

ती रेघ बायकोची होती. तिच्यावरून घरात चार दिवस वाद चालला होता. भाजी करपली तरी कुणी उठलं नव्हतं. ही भेग नाही, असं तोच घसा कोरडा होईपर्यंत सांगत होता. चौथ्या दिवशी "असेल बाई" म्हणून त्याने हात टेकले होते.

"भेग आहे ती," तो आता म्हणाला.

नवीने कारण विचारलं. त्याने बायकोचं पहिलं कारण सांगितलं, एक कड उजळ आहे, दुसरी काळी, म्हणजे मधे खोलगट आहे. नवी म्हणाली, उंचवट्याचीही सावली अशीच पडते. तेव्हा तोही हेच म्हणाला होता. त्याने दुसरं कारण सांगितलं, शेजारची भेग इथे येऊन थांबते, म्हणजे तिला ही आडवी आलीय. नवी म्हणाली, ती थांबत नाही, फक्त अंधारात जाते. हेही त्याचंच. मुलीचा आवाज हळूहळू वर चढत होता. त्याला ते बरं वाटत होतं.

मग तिने फोटो मोठा केला आणि रेघेवर बोट ठेवलं.

"इथे दोन फोटो जोडलेत, सर. रेघ बरोबर त्या जोडावरून गेलीय, म्हणजे भेग नाही, जोडच दिसतोय."

हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. नवी उत्तराची वाट बघत होती. यावर बायको काय म्हणाली असती, ते त्याला काही केल्या सुचेना.