चुन्याच्या पलीकडे

रेशमाच्या अळ्यांच्या खोलीच्या दारात चुन्याची पांढरी पट्टी टाकलेली होती, आणि तिच्या पलीकडे सिद्दम्मा दोन्ही हात चौकटीला लावून उभी होती. लेक दारात आली की आई अशी उभी राहत नाही.

"तिथंच थांब, रत्ना. अंगणात बाज टाकलीय, बस."

"मी बसायला नाही आले, अव्वा. तिम्माने फोन केला म्हणून आले. अळ्या बघू दे."

"बघ की. तिथूनच बघ."

नागरत्ना रेशीम खात्यात अळ्यांच्या रोगांची तज्ज्ञ होती. तालुक्यात तिने न पाहिलेली अळ्यांची खोली शोधून सापडली नसती. "मॅडम, आमच्याकडेही जरा नजर टाका," म्हणून लोक तिची जीप अडवायचे. माहेरच्या खोलीत मात्र, उगादीच्या सणाच्या सुमारास तिचा नवरा गेल्यापासून, तिची नजर वाईट ठरली होती. अळ्या म्हणजे लक्ष्मी, आणि लक्ष्मीला रिकाम्या कपाळाची बाई चालत नाही. हे लक्ष्मीने कुणाच्या कानात सांगितलं कोण जाणे.

तिने नुसता कान दिला. अळ्या कोषावर जायला आल्या होत्या. या दिवसांत त्यांच्या पाला खाण्याचा आवाज अंगणापर्यंत यायला हवा. आत सगळं शांत होतं.

"तिम्मा, एक ट्रे बाहेर आण."

धाकट्या भावाने बांबूचा ट्रे आणला आणि तिच्या हातात न देता जमिनीवर ठेवला. अळ्या लहानमोठ्या होत्या, मलूल होत्या, आणि कितीतरी जणींच्या अंगावर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके होते. नागरत्नाने बाजेवर सूक्ष्मदर्शक मांडला. एक अळी पाण्याच्या थेंबात चिरडून काचेवर घेतली आणि डोळा लावला. खरं तर तेवढ्यावर निकाल लागला होता. तरी तिने दुसरी घेतली, तिसरी घेतली. घरचं असलं की माणूस पुन्हा पुन्हा बघतं.

"पेब्रिन आहे," ती म्हणाली. "अंड्यातूनच येतो हा रोग. अंडी कुठून आणलीस तू? आमच्या केंद्रातली नाहीत ही. तिथे अंडी घातलेली मादी तपासल्याशिवाय अंड्यांचा एक पुंज बाहेर पडत नाही."

तिम्मा पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. आजवर या घरातल्या प्रत्येक पिकाची अंडी तिनेच आणून दिली होती, उन्हाचा ताव लागू नये म्हणून ओल्या फडक्याखाली, मांडीवर धरून.

"बाजारात एकजण विकत होता," तो म्हणाला. "अव्वा म्हणाली, या खेपेला तुझ्या हातची नकोत."

नागरत्ना हसली. तसं हसू कुणाच्या वाट्याला येऊ नये.

"माझा हात लागला नाही, पाय लागला नाही. तरी बसला ना रोग?"

"परवा तुझी जीप पुलाजवळ थांबली होती," सिद्दम्मा म्हणाली. "तिथून आपला तुतीचा मळा दिसतो."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत नागरत्नाने गावोगावच्या अडाण्यांना समजावलं होतं, शहाण्यांना समजावलं होतं. आईला काय समजावायचं ते तिला सुचेना. मग ती जे बोलली ते खात्याच्या आवाजात बोलली.

"सगळ्या जाळायच्या. आजच. मागे खड्डा खणा, त्यात ओता, वर रॉकेल. एक जरी ठेवलीत तरी तिच्या विष्ठेतून गावभर पसरेल."

"जिवंत जाळायच्या, अक्का?"

"जिवंतच."

तिम्मा उंबऱ्यावर बसकण मारून बसला. "मला नाही जमायचं. भाग्या पोटुशी आहे. माझ्या हातून लक्ष्मी जाळली आणि बाळाला काही झालं म्हणजे?"

"मग अव्वा, तू."

"मी सवाष्ण बाई," सिद्दम्माने घाईघाईने गळ्यातल्या ताळीला हात लावला. "माझ्या हातून हे कसं होईल?"

शेजारच्या अंगणात कुणीतरी पाल्याचा भारा टाकल्याचा आवाज आला. त्यांच्याही अळ्या कोषावर जायला आल्या होत्या. मग मायलेकांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि दोघांनी मिळून नागरत्नाकडे.

सिद्दम्माने चौकट सोडली. ती स्वयंपाकघरात गेली आणि रॉकेलचा डबा आणि काडेपेटी घेऊन परत आली. लहानपणी न्हाऊ घालायला बोलवायची, त्याच मायेच्या आवाजात ती म्हणाली, "ये बाई, ये आत. तुझं आता काय वाईट व्हायचं राहिलंय?"

काडेपेटी अंगणात भिरकावून सरळ जीपमध्ये बसावं, असं नागरत्नाला फार वाटलं. पण शेजारच्या घरात अळ्या होत्या, त्याच्या पलीकडच्या घरात होत्या, गावाच्या टोकापर्यंत होत्या.

तिने चपला काढल्या. दारातल्या घमेल्यातल्या औषधाच्या पाण्यात कोपरापर्यंत हात धुतले. मग चुन्यात एकेक पाऊल नीट दाबलं, अळ्यांना बाहेरचं काही बाधू नये म्हणून.

"आता ते कशाला, अक्का?" तिम्माने विचारलं.

"सवय," ती म्हणाली आणि आत गेली.

पाला आला असं वाटून दाराजवळच्या ट्रेमधल्या काही अळ्यांनी तिच्याकडे माना वर केल्या.