जावई मैदानाबाहेर

"आउट!" होम प्लेटच्या मागून सासूबाई ओरडल्या आणि त्यांनी मूठ वळून हात वर केला.

धुळीत पालथ्या पडलेल्या खेळाडूने मान खाली घातली. आपण आउट आहोत हे त्याला कळलं होतं. कळलं नव्हतं ते त्याच्या कोचला. कोच म्हणजे सासूबाईंचे जावई. ते बाकावरून उठून तरातरा येत होते.

रविवारची, हौशी संघांची बेसबॉलची मॅच. नेमलेले अंपायर तापाने आडवे झाले, म्हणून ऐनवेळी सासूबाईंना उभं केलं होतं. समोरच्या संघाला विचारलं, तर त्यांचा कोच हसून म्हणाला होता, "सासू अंपायर? मग जावयाचीच खैर नाही. आमची काही हरकत नाही."

"सेफ होता तो!" जावई म्हणाले. "त्याचा हात प्लेटला आधी टेकला."

सासूबाईंनी मास्क काढला आणि त्या एक पाऊल मागे सरकल्या. भांडायला आलेल्या कोचपुढे आपला आवाज चढू द्यायचा नाही, हे त्या अंपायरिंगच्या अकरा वर्षांत शिकल्या होत्या.

"कॅचरचा चेंडू धरलेला हात त्याला आधी लागला. मी वाकून बघत होते. तुमचं ऐकून घेतलं, आता जागेवर जा."

"पण दिसलं कसं नाही तुम्हाला?"

"ही शेवटची ताकीद. यापुढे एक शब्द नाही."

जावई वळले. चार पावलं गेलेही. पण संघ एकाच धावेने मागे होता आणि राग नाकाच्या शेंड्यावर. ते गर्रकन फिरले आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "जगाला चष्मे लावता, एखादा स्वतःलाही लावून बघा!"

सासूबाईंचं चष्म्याचं दुकान सगळ्यांच्या माहितीचं. दोन्ही बाकांवर हशा पिकला.

निर्णयावर कितीही भांडा, चालतं. माणसावर घसरलेलं चालत नाही.

"चल, बाहेर हो," सासूबाई म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "तुला मॅचमधून काढलंय. नीघ."

हशा जागच्या जागी विरला. लग्नाला सहा वर्षं होत आली, सासूबाईंनी जावयांना 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती. जावयांनी डोक्यावरची टोपी उगाच सारखी केली आणि कुंपणाचं फाटक लोटून ते बाहेर गेले.

उरलेला खेळ त्यांच्या कॅप्टनने सांभाळला.

सासूबाई गाडीपाशी आल्या तेव्हा जावई बॉनेटला टेकून उन्हात उभे होते. सकाळी दोघं एकाच गाडीने आले होते आणि किल्ली सासूबाईंच्या खिशात होती. जावयांनी त्यांच्या हातातली जड बॅग घेतली आणि डिकीत ठेवली.

"हरलो?"

"एका धावेने."

दोघं आत बसले. सासूबाईंनी किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"बाहेर काढलं ते बरोबरच केलं. मॅचच्या अहवालात तसं लिहूनही दिलंय," त्या म्हणाल्या. "पण तोंडातून 'तू' गेलं. चारचौघांत. ते चुकलं माझं, माफ करा."

जावयांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"चष्म्याचं बोललो ते माझं चुकलं," ते म्हणाले. "पण आई, घरी तुम्ही सगळ्यांवर ओरडता. लेकीवर, मुलावर, शेजारच्यांच्या मांजरावरसुद्धा. मी आलो की उठून उश्या सारख्या करता. सहा वर्षं झाली." ते त्यांच्याकडे वळले. "ते 'तू' राहू द्या."

सासूबाईंनी आरसा नीट केला. तो आधीच नीट होता.

"आणि सेफच होता तो," जावई म्हणाले.

"आउट होता." सासूबाईंनी किल्ली फिरवली. "बेल्ट लाव."